कंडेन्सिनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"पूर्वावस्थेत गुणसूत्रे आखूड व जाड होतात." पेशीविभाजनाच्या धड्यातलं हे वाक्य बहुतेकांना पाठ असतं. ती आपोआप आखूड होतात की कुणी करतं, हे मात्र धड्यात येत नाही. खालचे बरेचसे प्रश्न त्या एका वाक्यातून फुटलेले आहेत.

कंडेन्सिन म्हणजे काय?

पेशी दुभंगण्याआधी तिच्यातल्या डीएनएची सुटी सुटी, ओढून नेता येतील अशी गुणसूत्रं रचणारं प्रथिनांचं यंत्र.

माणसाच्या एका पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. त्यांतला सगळा डीएनए सरळ ताणला तर साधारण दोन मीटर भरतो. एकट्या पहिल्या गुणसूत्रात सुमारे २४.९ कोटी बेसजोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या) आहेत, म्हणजे साडेआठ सेंटिमीटरचा धागा. मध्यावस्थेत मात्र हेच गुणसूत्र दहाएक मायक्रोमीटरची बुटकी कांडी होऊन बसलेलं दिसतं. लांबीतला हा हजारो पटींचा फरक एका टप्प्यात पडत नाही आणि त्याचं सगळं श्रेय कंडेन्सिनचंही नाही. पण कांडीला कांडीचा आकार येतो तो कंडेन्सिनमुळे.

हे एक प्रथिन आहे की अनेक?

पाच प्रथिनांची जुळणी आहे. माणसात अशा दोन जुळण्या आढळतात, कंडेन्सिन १ आणि कंडेन्सिन २.

दोन्हींमध्ये एसएमसी२ आणि एसएमसी४ ही जोडी सामाईक. ही लांबलचक प्रथिनं मधोमध दुमडून स्वतःभोवतीच पिळलेली असतात, त्यामुळे प्रत्येकाची सुमारे ५० नॅनोमीटरची दांडी तयार होते. दांडीच्या एका टोकाला बिजागर, दुसऱ्या टोकाला एटीपी (पेशीचं इंधन) धरणारं डोकं. दोघांची बिजागरं एकमेकांत अडकली की चिमट्यासारखा आकार होतो. चिमट्याची उघडी टोकं जोडणारं तिसरं प्रथिन म्हणजे क्लाइसिन. कंडेन्सिन १ मध्ये ते एनसीएपीएच असतं, कंडेन्सिन २ मध्ये एनसीएपीएच२. उरलेली दोन प्रथिनं या क्लाइसिनवर बसतात: पहिल्या जुळणीत एनसीएपीडी२ आणि एनसीएपीजी, दुसरीत एनसीएपीडी३ आणि एनसीएपीजी२.

यांतलं एनसीएपीजी मला सगळ्यांत गमतीदार वाटतं. ते एनसीएपीएचच्या एका पट्ट्यासोबत मिळून डीएनएभोवती चक्क सीटबेल्ट लावतं. धागा एकदा त्या पट्ट्याखाली गेला की यंत्र त्यावरून सहजी घसरत नाही. बाकीचे भाग कितीही हलोत, एक पकड पक्की राहते.

नावातच 'कंडेन्स' आहे. म्हणजे ते डीएनए दाबून लहान करतं ना?

इथेच सगळ्यांची फसगत होते, आणि दोष नावाचा आहे.

दाबणं म्हणजे त्याच वस्तूला कमी जागेत कोंबणं. पण विभाजनाआधीही डीएनए केंद्रकात चांगलाच कोंबलेला असतो. दोन मीटरचा धागा काही मायक्रोमीटरच्या गोळ्यात मावलेला असतोच. केंद्रकातला हा पसारा आणि विभाजनातली गुणसूत्रं यांची आकारमानं ताडून पाहिली, तर फरक जेमतेम दोन-तीन पटींचा निघतो. मग एवढ्या खटाटोपाने साधलं काय?

लोकरीचा गुंता डोळ्यांसमोर आणा. ४६ रंगांची लोकर एका पिशवीत कोंबलेली आहे. जागा कमीच लागते आहे, पण एक रंग ओढला की दहा रंग सोबत येतात. आता तीच लोकर ४६ वेगवेगळ्या लडींमध्ये घाला. वजन तेच, जागाही फारशी कमी झालेली नाही, पण हवी ती लड अलगद उचलता येते. कंडेन्सिनचं काम हे दुसऱ्या प्रकारचं. शिवाय प्रत्येक रंगाच्या दोन जुळ्या प्रती असतात, कारण विभाजनाआधी डीएनएची नक्कल झालेली असते आणि या प्रती एकमेकींत जागोजागी अडकलेल्या असतात. त्याही सोडवाव्या लागतात. वर लडीला इतका ताठपणा हवा, की एका जागी धरून ओढली तर ती अख्खी मागे यावी, नुसती ताणत जाऊ नये.

म्हणून 'आकुंचन' या शब्दापेक्षा 'लडी घालणं' हा शब्द मला जवळचा वाटतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामाने ही दोन कामं नीट वेगळी करून दाखवली. विभाजनाच्या वेळी हिस्टोनांवरचे (डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरचे) अ‍ॅसिटिल गट निघून गेल्यामुळे गुणसूत्राचं द्रव्य घट्ट होतं आणि तुर्कतंतू (गुणसूत्रं ओढून नेणारे धागे) त्यात घुसू शकत नाहीत. हे कंडेन्सिन नसतानाही घडतं. पण कंडेन्सिनशिवाय गुणसूत्रं नीट ओढून नेता येत नाहीत.

लडी घालायची म्हणजे नेमकं काय करतं?

डीएनएच्या धाग्यावर बसतं, एका जागी पकडतं आणि शेजारचा धागा आपल्यातून ओढत राहतं. ओढलेला धागा बाजूला फासासारखा बाहेर येतो, त्याला लूप म्हणतात. ओढत राहील तसा लूप मोठा होतो. शेजारी दुसरं कंडेन्सिन दुसरा लूप काढत असतं, त्याच्या शेजारी तिसरं. सगळ्या लूपांची बुडं एका रेषेत आली की मधे कणा आणि भोवती लूपांचा पिसारा, अशी बाटली धुण्याच्या ब्रशसारखी रचना तयार होते. अर्धगुणसूत्र, म्हणजे नक्कल झालेल्या गुणसूत्राच्या दोन जुळ्या प्रतींतली एक, ती हाच ब्रश.

या युक्तीचं सौंदर्य असं, की यंत्राला बाकी काहीच कळावं लागत नाही. आपला धागा कोणता, परका कोणता, ही ओळख पटवायची गरज नाही. ज्या धाग्यावर बसलो त्याचाच शेजारचा भाग ओढायचा, एवढा एकच नियम पाळला की एका गुणसूत्राचा माल एकाच लडीत येतो. जीवशास्त्रज्ञ किम नॅस्मिथ यांनी २००१ साली ही कल्पना मांडली, तेव्हा हातात पुरावा नव्हता. पुढे संगणकावरच्या प्रतिरूपांनी दाखवलं, की एवढा एक नियम दिला तरी गुंत्यातून सुट्या कांड्या तयार होतात.

हे कुणी प्रत्यक्ष पाहिलं आहे का?

हो, आणि तो प्रयोग निवांत समजून घेण्यासारखा आहे.

२०१८ साली डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठातला सेस डेकर यांचा गट आणि हायडेलबर्गच्या युरोपीय रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेतला क्रिस्टियन हेरिंग यांचा गट यांनी मिळून तो केला. लॅम्डा नावाच्या विषाणूचा सुमारे ४८,५०० बेसजोड्यांचा डीएनए घेतला आणि त्याची दोन्ही टोकं काचेला चिकटवली. धागा ताणलेला नाही, मधे सैल सोडलेला. त्यात चमकणारा रंग मिसळला आणि यीस्टमधून काढलेलं कंडेन्सिन एटीपीसह सोडलं. धाग्यावर एका जागी ठिपका उजळला. आडव्या दिशेने द्रवाचा प्रवाह सोडल्यावर तो ठिपका बाजूला पसरला आणि कळलं, की तो ठिपका नसून वाढत जाणारा लूप आहे. लूप वाढत गेला, धाग्याचा सैलपणा संपत आला. धागा पुरेसा ताणला गेल्यावर वाढ थांबली. एटीपी काढून घेतल्यावर लूप तयारच झाले नाहीत.

वेग सेकंदाला १,५०० बेसजोड्यांपर्यंत भरला. ताकद मात्र अगदी नाजूक, एका पिकोन्यूटनच्याही आत. पेशीत सामान वाहून नेणारं कायनेसिन पाच-सहा पिकोन्यूटनने ओढतं, त्यापुढे हे म्हणजे किरकोळच. वेगवान पण दुबळं, असं हे यंत्र आहे. आणखी एक गोष्ट त्या चित्रफितींत स्पष्ट दिसली: धागा एकाच बाजूने ओढला जात होता, दुसरी बाजू जागची हलत नव्हती. वर सांगितलेला सीटबेल्ट आठवा.

माणसाच्या कंडेन्सिनचं काय? २०२० साली दोन्ही मानवी जुळण्या अशाच प्रकारे तपासल्या गेल्या. हिस्टोनांवर गुंडाळलेल्या डीएनएवरही त्या लूप काढतात, हे तेव्हा दिसलं.

कंडेन्सिन १ आणि २ यांच्यात फरक काय? एक पुरत नाही का?

राहण्याची जागा, कामाची वेळ आणि लूपांचा आकार, तिन्हींत फरक आहे.

कंडेन्सिन २ केंद्रकातच असतं, त्यामुळे पूर्वावस्था सुरू झाली की ते लगेच कामाला लागतं. कंडेन्सिन १ एरवी केंद्रकाबाहेर पेशीद्रव्यात असतं. केंद्रकावरण फुटेपर्यंत त्याचा डीएनएला हातच पोचत नाही. म्हणजे आधी दोन नंबर, मग एक नंबर. नावं देताना हा क्रम ठाऊक नव्हता.

कंडेन्सिन २ सुमारे चार-साडेचार लाख बेसजोड्यांचे मोठे लूप काढून आतल्या कण्यावर पक्कं बसतं. मग कंडेन्सिन १ येऊन त्या मोठ्या लूपांच्या आत ऐंशी-नव्वद हजार बेसजोड्यांचे छोटे लूप काढतं. मोजून पाहिलेले आकडे आहेत: मानवी पेशीत विभाजनादरम्यान गुणसूत्रांवर कंडेन्सिन २ च्या सुमारे ३५,००० प्रती असतात आणि कंडेन्सिन १ च्या १,९५,००० पर्यंत. कंडेन्सिन २ चिकटून राहणारं, कंडेन्सिन १ सतत ये-जा करणारं.

थोडा हिशेब करा. सेकंदाला हजार बेसजोड्या या वेगाने ऐंशी हजारांचा लूप काढायला ऐंशी सेकंद लागतील, चार लाखांचा काढायला सात मिनिटांच्या आत. पेशीचं विभाजन साधारण तासाभराचं असतं, तेव्हा वेळेचं गणित आरामात बसतं. पहिल्या गुणसूत्रावर असे तीन हजारांहून जास्त छोटे लूप होतील.

एकाची अनुपस्थिती दुसऱ्याने भरून निघत नाही. कंडेन्सिन २ काढलं तर गुणसूत्रं लांबुडकी आणि वेडीवाकडी वळलेली दिसतात. कंडेन्सिन १ काढलं तर ती आखूड राहतात पण फुगतात.

विभाजन चालू नसताना हे यंत्र गप्प कसं बसतं?

एकाला भिंत अडवते, दुसऱ्याला पहारेकरी. कंडेन्सिन १ ला केंद्रकावरणाचा अडसर असतो. कंडेन्सिन २ तर केंद्रकातच असतं. त्याला एमसीपीएच१ नावाचं प्रथिन रोखून धरतं. ते काढून टाकलं की पेशी विभाजनाची वेळ झालेली नसताना गुणसूत्रं गुंडाळायला घेते. वेळ झाली की सीडीके१ हे विकर कंडेन्सिनच्या उपघटकांवर फॉस्फेट गट बसवतं आणि यंत्र सुरू होतं.

डीएनए हिस्टोनांवर गुंडाळलेला असतोच. मग कंडेन्सिन हवंच कशाला?

हिस्टोनांची गुंडाळी अगदी जवळच्या पातळीवरची आहे: एकेका रिळावर सुमारे १४७ बेसजोड्या. त्याने धागा आखूड होतो, पण धागाच राहतो. त्याची लड होत नाही.

कंडेन्सिन एकट्याने हे सगळं करू शकतं?

नाही. त्याचा जोडीदार टोपोआयसोमरेज २. हे विकर डीएनएचा दुपदरी धागा कापतं, त्या फटीतून दुसरा धागा पलीकडे नेतं आणि कापलेलं पुन्हा सांधतं. गुंता खऱ्या अर्थाने सोडवतं ते हेच. पण कोणत्या बाजूने सोडवायचं हे त्याला समजत नाही. त्याच कौशल्याने ते नवा गुंताही करू शकतं. कंडेन्सिन धागे आपापल्या लडीत ओढत असतं म्हणून कात्रीला दिशा मिळते.

किमान किती सामान लागतं, याचं उत्तर २०१५ साली जपानमध्ये तात्सुया हिरानो यांच्या गटाने दिलं. त्यांनी परीक्षानळीत सहाच शुद्ध घटक घातले: हिस्टोन, हिस्टोन हाताळणारी तीन प्रथिनं, टोपोआयसोमरेज २ आणि कंडेन्सिन १. त्यात बेडकाच्या शुक्रपेशीचं केंद्रक सोडलं आणि त्यातून विभाजनातल्यासारखी अर्धगुणसूत्रं तयार झाली. पेशीत हजारो प्रथिनं असताना सहांत काम भागावं, याचं मला आजही नवल वाटतं.

शोध कसा लागला?

बेडकाच्या अंड्यांमुळे. आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाचं अंडं फलित झालं की भराभर विभागत जातं, म्हणून विभाजनाचा सगळा शिधा त्यात आधीच साठवलेला असतो. अंड्यांचा अर्क काढला की परीक्षानळीतच गुणसूत्रं घडताना पाहता येतात. हिरानो आणि टिमोथी मिचिसन यांनी १९९४ साली या अर्कातून एसएमसी प्रथिनांची जोडी वेगळी केली. १९९७ साली कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत हिरानो आणि सहकाऱ्यांनी पाच प्रथिनांची पूर्ण जुळणी ओळखली आणि तिला कंडेन्सिन हे नाव दिलं. कंडेन्सिन २ सापडलं २००३ साली.

त्याची चाहूल मात्र खूप आधी लागली होती. १९७७ साली पॉलसन आणि लेमली यांनी गुणसूत्रातले हिस्टोन धुऊन काढले. उरलं काय, तर मधे गुणसूत्राच्याच आकाराचा सांगाडा आणि त्यातून चहूकडे सुटलेले डीएनएचे प्रचंड लूप. सांगाड्यातली दोन मुख्य प्रथिनं पुढे ओळखली गेली. एक टोपोआयसोमरेज २, दुसरं एसएमसी२.

कोहेसिन आणि कंडेन्सिन एकच का?

चुलत भावंडं. कोहेसिनचा सांगाडा एसएमसी१ आणि एसएमसी३ चा. ते जुळ्या अर्धगुणसूत्रांना एकत्र बांधून ठेवतं आणि विभाजन नसताना केंद्रकात लूपही काढतं. घराणं फार जुनं आहे. जिवाणूंमध्येही एसएमसी प्रथिनं सापडतात आणि त्यांचा डीएनए नीट लावतात.

कंडेन्सिन बिघडलं तर काय होतं?

पश्चावस्थेत अर्धगुणसूत्रं दोन ध्रुवांकडे निघतात, पण पूर्ण सुटलेली नसतात. मधे डीएनएचे पूल ताणलेले दिसतात. पूल तुटले तर तुकडे भलतीकडे जातात, मुख्य केंद्रकाबाहेर छोटी केंद्रकं उरतात, गुणसूत्रांची संख्या चुकते. पूर्ण अभाव असेल तर उंदरांमध्ये भ्रूण तगत नाही.

यामुळे माणसात आजार होतात का?

होतात, पण विरळ. २०१६ साली एनसीएपीडी२, एनसीएपीएच आणि एनसीएपीडी३ या जनुकांतले बदल सूक्ष्मशीर्षता असलेल्या काही रुग्णांत सापडले. या स्थितीत डोकं आणि मेंदू वयाच्या मानाने बरेच लहान राहतात. एमसीपीएच१ हे पहारेकरी जनुकही याच आजारातून, २००२ साली ओळखलं गेलं. म्हणजे यंत्र बिघडलं काय किंवा पहारा उठला काय, फटका मेंदूच्या वाढीलाच.

मेंदूच का? मेंदूतल्या चेतापेशी गर्भावस्थेत एका मर्यादित काळात, मूळपेशींच्या झपाट्याने होणाऱ्या विभाजनांतून तयार होतात. त्या काळात दर विभाजनात थोड्या पेशी चुकून मरत गेल्या, तर एकूण तूट मोठी होते आणि ती नंतर भरून काढायला संधी नसते.

कर्करोगाच्या शोधनिबंधांत एनसीएपीजी, एनसीएपीएच वाढल्याचं वाचलं. म्हणजे हे कर्करोगाचं कारण आहे?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. यकृताच्या कर्करोगासह अनेक गाठींमध्ये या जनुकांची पातळी वाढलेली आढळते, हे खरं. पण ज्या ऊतीत जास्त पेशी विभागत आहेत, तिथे विभाजनाची अवजारंही जास्त सापडणारच. गर्दीच्या रस्त्यावर चपला जास्त दिसतात, म्हणून गर्दी चपलांमुळे झाली असं होत नाही. प्रयोगशाळेत या जनुकांना दाबलं की कर्कपेशींची वाढ मंदावते, असं बऱ्याच निबंधांत असतं. पण विभागणाऱ्या कोणत्याही पेशीचं कंडेन्सिन काढलं तर ती अडखळणारच. तेव्हा असे निष्कर्ष जरा सबुरीने वाचावेत.

उंचीशी याचा काय संबंध?

चौथ्या गुणसूत्रावर एनसीएपीजी आणि एलसीओआरएल ही जनुकं शेजारी शेजारी आहेत. माणसाच्या उंचीशी निगडित म्हणून डीएनएचा जो भाग सापडला, त्यात हा पट्टा आहे. गाईगुरं आणि घोडे यांच्या आकारमानाशीही तोच पट्टा जोडला गेला आहे.

परीक्षेत "कंडेन्सिनमुळे गुणसूत्रे आखूड होतात" असं लिहिलं तर चालेल?

चालेल, चूक नाही. "लूप काढून अर्धगुणसूत्रे सुटी व ताठ करते" एवढं पुढे जोडलं तर उत्तर जास्त खरं होईल.

विभाजन संपल्यावर कंडेन्सिनचं काय होतं?

गंमत म्हणजे गुणसूत्रं सर्वांत घट्ट मध्यावस्थेत नसून पश्चावस्थेच्या शेवटाकडे असतात; कंडेन्सिन १ ची दुसरी खेप पश्चावस्थेच्या सुरुवातीला चढते आणि लूप सत्तर हजार बेसजोड्यांपर्यंत लहान होतात. त्यानंतर अंत्यावस्थेत फॉस्फेट गट उतरतात, कंडेन्सिन १ पेशीद्रव्यात परततं. कंडेन्सिन २ केंद्रकात राहतं, पुन्हा एमसीपीएच१ च्या पहाऱ्यात.

डेटाबेसमध्ये शोधायचं तर कोणत्या नावाने?

एनसीएपीएच, एनसीएपीजी अशी जनुकांची नावं वापरा. 'उपघटक १, २, ३' या नावांच्या नादी लागू नका: तिथे एनसीएपीडी२ ला उपघटक १, एनसीएपीएचला २ आणि एनसीएपीजीला ३ म्हटलेलं असतं, म्हणजे डी२ च्या पुढे १ आणि एचच्या पुढे २. जुन्या निबंधांत यांनाच कॅप-डी२, कॅप-एच, कॅप-जी अशी नावं सापडतील, तर एसएमसी२ ला कॅप-ई आणि एसएमसी४ ला कॅप-सी. फळमाशीवरच्या कामात एनसीएपीएचचं नाव 'बॅरन' आहे.